कॅशची बॅटरी

मंगळवारपासून एक सातबारा निघायला सहा मिनिटं लागतात.
आधी खालचा चहा वर यायच्या आत निघायचा.

चंद्रपूरहून पहिल्या गाडीनं तस्लीम आली.
तहसिलीच्या मागच्या खोलीत सर्व्हरचा डबा खोलून
टम्म फुगलेली बॅटरी तिनं टेबलावर ठेवली
आणि जरा मोठ्यानंच म्हणाली,
“कॅश बंद पडलीये.”

खिडकीशी वच्छलाबाई कोडापे.
कमरेची पिशवी सोडत म्हणे,
“बंद काहाले? मी तं सुटे आणले ना.”

तस्लीम हसली नाही. मला सांगत राहिली:
खाली तबकड्या. सुई जागेवर जाते,
मग ती ओळ फिरून समोर यायची वाट पाहते.
वर नखाएवढी पाटी,
सारखं मागितलं जातं ते तिच्यावर, हाताशी.
लिहायचं आलं की पाटी आपल्याकडं घेते,
म्हणते “झालं”, तुम्ही मोकळे.
मग सवडीनं एका वाटेवरची कामं
एका फेरीत उरकते.

“म्हणजे खोटं बोलते,” मी म्हटलं.
“उधारीवर खरं.”
“आणि लाइट गेली तर?”
“म्हणून बॅटरी. बहात्तर तास शब्द धरून ठेवते.
ती मेली की यंत्र भितं.
एकेक ओळ तबकडीवर उतरेपर्यंत
‘झालं’ म्हणतच नाही.”

लिंगा मडावी दाराला टेकून ऐकत होते.
अभिलेखातले. स्टुलावर कायम सात बस्ते,
बाजाराच्या दिवशी मेंढकीकडचे वर.
गट एक्केचाळीस मागा,
ते बेचाळीस, त्रेचाळीसही काढून आणणार.
“भाऊबंदकी हाये. येतातच मागून.”

नवी बॅटरी बसली.
भरायला चार तास, तोवर असंच, रांगत.
रांगेतले लोक पायरीवर बसले,
कोणी तंबाखू मळली, कोणी चप्पल उशाशी घेतली.

मडावींनी फुगलेली बॅटरी तळहातावर तोलली.
“बहात्तर तास?”
“हो काका.”
“मी अकरा वर्सं धरून हाये एक.”

कोणता, ते विचारायला मी तोंड उघडलं,
तोवर ते आत गेलेले.
साहेब बदलून गेले होते, सही राहिली होती,
आणि यांनी खिडकीतल्या बाईला सांगितलं होतं,
“झालं समज, जाय घरी.”
हे मला नंतर कळलं, तुकड्यातुकड्यांनी.

साडेतीनला पडद्यावरचा पिवळा दिवा हिरवा झाला.
पहिला उतारा टिचकीसरशी निघाला.
टेबलावर बस्ता आला होता,
लाल फडकं, गाठ आधीच सैल केलेली,
वर एकच फेरफार.

मी टाइप करायला घेतलं: कोडापे, वच्छला…
मडावी माझ्यामागे उभे होते.
एंटर दाबलं. “झालं,” मी म्हटलं.
“कुठंवर?” त्यांनी विचारलं.