पाक उतरवायची घडी

पहिलं दहिवर गोठायच्या आत
गोड ज्वारी तोडायची, कणसं वेगळी, पाला वेगळा,
आणि चरकाशी मोळ्या रचायच्या.
केंटकीच्या या खोऱ्यात हे कुणी कुणाला शिकवत नाही.

बेट्स खेचर मेली त्याला नऊ वर्षं झाली.
आता चरक ट्रॅक्टरच्या पट्ट्यावर फिरतो,
पण तिच्या खुरांनी पाडलेली गोल वाट
गवताने अजून बुजवली नाही.
बाबा तिथे पाय देत नाहीत, वळसा घालतात.

मी दुसरी पाळी संपवून डेटनहून निघाले
आणि पहाटे पोचले.
नखांतला कारखान्याच्या तेलाचा वास
दुपारपर्यंत हिरव्या रसाने धुऊन नेला.

कढई आठ हात लांब, तांब्याच्या तळाची,
खाली हिकरीचा जाळ.
या टोकाला रस तळ्याच्या पाण्यासारखा,
त्या टोकाला जुन्या खोगिराच्या रंगाचा.
मळी काढायचा झारा म्हणजे कॉफीचा डबा,
खिळ्याने भोकं पाडलेला, लांब दांड्याचा.
मळी खड्ड्यात.
खड्ड्यावर पाला पसरून
नव्या जावयाला त्यात पाडायची आमच्याकडे रीत.
यंदा जावई होता, स्टिडमांचा, चांगला गलेलठ्ठ;
पाला कुणी पसरला नाही.

आई फेब्रुवारीत गेली.

बुडबुडे बेडकाच्या डोळ्यांएवढे झाले
की काकवी तयार, असं म्हणतात.
म्हणायला काय जातं.
बेडूक काही सगळे एका मापाचे नसतात.
पण ओर्बन कॉडिलची कढई
बेचाळीस वर्षांत एकदा करपली नव्हती,
आणि लोक टेकडीपलीकडून यायचे
नुसतं त्यांचं "उतरवा!" ऐकायला.

पोरं चिपाडांच्या ढिगावर उड्या मारत होती.
जाड बुडबुडे आता सावकाश फुटत होते, पुटपुटल्यासारखे.
बाबांनी मान वर केली.
वाफेच्या पलीकडे पाहिलं,
जिथे आई बरण्या पुसत बसायची, त्या बाकाकडे.

आणि मला तेव्हा कळलं.
ती नेमक्या घडीला फडकं खांद्यावर टाकायची.
एवढंच.
बेचाळीस वर्षं.

बाक रिकामं नव्हतं. तिथे मी बसले होते,
फडकं माझ्याच हातात होतं.
ते माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे,
दोघंही काही विसरल्यासारखे,
आणि मग वास आला.

कुणी बोललं नाही.
म्हाताऱ्या प्रूइटने उसाच्या सालीसारखी
ज्वारीची साल कढईत बुडवून चाटली,
जरा वेळ चघळली,
म्हणाला, "याहून वाईट मी लग्नात खाल्लंय."
कुणीतरी हसलं. बाबाच असावेत.

एकोणचाळीस बरण्या भरल्या, काळ्या, डांबरासारख्या.
एकही फेकली नाही.
चर्चच्या विक्रीत दोन दिवसांत संपल्या म्हणे;
काय दयेने, काय खरंच, देव जाणे.

रात्री आम्ही दोघांनी कढई वाळूने घासली.
करपलेला थर कडेला होता, नखभर रुंद.
"वेळ कशी कळायची तिला?" मी विचारलं.
ते घासत राहिले.
"विचारलं नाही कधी," म्हणाले,
"मला वाटायचं, तुला सांगितलं असेल."

एक बरणी मी डेटनला आणली.
रविवारी बिस्किट फोडते, वर ओतते.
कडू आहे. मग मागून गोड.
परवा साधा साखरेचा पाक गॅसवर ठेवला
आणि खांद्यावर फडकं घेऊन
कितीतरी वेळ उभी राहिले,
बुडबुडे मोठे होत गेले,
मी काही ओरडले नाही.