कोण मागतंय लाइन

साखळीच्या घरात, जेवणाच्या टेबलाच्या टोकाला
आमचा कॉम्प्युटर, आणि त्याच्या काचेवर
दर सात मिनिटांनी, कुणी न बोलावता
उगवणारी ती चौकट:
कनेक्ट की कॅन्सल?

मी कॅन्सल म्हणते. जाते.
आमटीला फोडणी देऊन येते तर हजर.
सर्वेश म्हणतो, मी काही केलं नाही,
माशांचा एक स्क्रीनसेव्हर घेतला, तोही फुकट.
बिलात मात्र कुठल्याशा बेटाचे चार कॉल,
पहाटे तीनचे, प्रत्येकी अकरा मिनिटं.
बेट बाबांनी नकाशात शोधलं. भिंग लावल्यावर
तो छापखान्याचा डाग निघाला.

बाबा म्हापशाच्या एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर.
कानामागे हेडसेटचा वळ अजून आहे,
निदान आम्हांला दिसतो.
त्यांनी खुर्ची ओढली, चौकटीकडे पाहिलं
आणि ड्यूटीवरच्या आवाजात विचारलं,
कोण मागतंय लाइन?

मला सांगता येईना.
"बाहेरचा नव्हे," ते म्हणाले. "मागणारा आत बसलाय."
उठून भिंतीतली वायर उपटली,
टोक कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं.
पहिला इलाज तो. पुढचे माझे.

तीन बटणं एकदम दाबून यादी उघडली.
ओळीत उभी सगळी सभ्य नावं,
त्यांत एकाचं स्पेलिंग एका अक्षराने चुकलेलं;
लग्नात दोन्हीकडच्यांना आपला वाटणारा
आणि कुणाचाच नसलेला पाहुणा.
त्याला बंद केलं, परत आला.
सुरुवातीच्या यादीतली त्याची खूण पुसली,
मशीन चालू करते तो खूण जागेवर,
जणू मीच विसरले होते पुसायला.
औषध इंटरनेटवर, आणि इंटरनेट खिळ्याला.
मग कदंबाने डिचोली, तिथल्या कॅफेतून
तीन फ्लॉपी भरून आणल्या. दुसरी खराब निघाली.
पुन्हा डिचोली.

दुसऱ्या रात्री सेफ मोड,
काळ्या पडद्याच्या चार कोपऱ्यांत तेच दोन शब्द.
बाबा मागे बसून होते. मध्येच म्हणाले,
शिवोलीची क्लोतिल्दाबाय. दर आयतवारी
मिसा आटपून चालत यायची.
बाहरीनचा ट्रंक कॉल. मुलगा तिथे.
नऊला तिकीट लिहायचो, दुपार कलायची,
मुंबई काही लाइन द्यायची नाही.
बाकावर बसून पाव खायची, अर्धा मला ठेवायची.
संध्याकाळी सांगायचो, आज नाही.
बरं, म्हणायची, तू थकला असशील.
एकदा मिळाली. तीनच मिनिटं.
ती विचारत राहिली, जेवलास का, जेवलास का.
इकडून जात होतं, तिकडून येत नव्हतं.
शेवटी मीच मध्ये बोललो:
जेवला म्हणतो, बाय.

माझं बोट डिलीटवर थांबलं होतं.
"आणि हा," ते म्हणाले.
"ह्याच्या मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही,
आणि दर सात मिनिटांनी."
मग जरा वेळाने, "काढ."

काढला. त्याची नोंद होती ती पानंही उघडली.
हे तुमच्या रजिस्टरसारखं, बाबा,
यात सगळं लिहिलेलं असतं.
"सगळं कुठे लिहायचो," ते म्हणाले.

वायर भिंतीत गेली.
त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून कीबोर्डवर ठेवलं.
सात मिनिटं. चौदा.
मासेही गेले म्हणून सर्वेश रुसून झोपला.
खाणीवरचा शेवटचा ट्रक वळणावर गिअर बदलून गेला.
एकविसाव्या मिनिटाला बाबांनी फोन उचलला,
कानाला लावला, वळ होता त्याच बाजूला.
"मोकळी आहे," म्हणाले,
आणि रिसीव्हर खाली ठेवला नाही.