कांडीभर

घड्याळ मी बघत नाही.
मागावर वेळ कांडीनं मोजायचा.
धोट्यात कांडी घातली की ती संपेपर्यंत
चार-पाच मिनिटं माझी.
माझी म्हणजे तशी दोन मागांची,
डावीकडच्यावर तार तुटते, उजवीकडच्यावर काठ सुटतो,
एक डोळा इकडं, एक तिकडं,
आणि तिसरा, जो शंकरानं आगीसाठी ठेवला,
मी पेटीवर उघड्या टाकलेल्या पुस्तकाला लावलाय.

एका कांडीत एक पान.
छपाई बारीक असली तर पाऊण.
बोलाचाली असली तर दोन होतात,
म्हणून भांडणाऱ्या माणसांची पुस्तकं मला परवडतात.
वर्णनं महाग.
एका सूर्यास्ताला तीन कांड्या गेल्या एकदा,
त्यात तार तुटली,
आणि सूर्य डब्याच्या सुट्टीपर्यंत अर्ध्यातच लटकून राहिला.

घरी?
घरी आठ दिवसांनी येणारा नळ, तोही पहाटे,
प्रणोतीच्या दोन वेण्या,
आणि उद्यमबागेतनं दुसरी पाळी करून आलेल्या माणसाची झोप
मोडू नये म्हणून न लावलेला दिवा.
सासूबाई म्हणतात, वाचून काय कलेक्टर होणार हाईस?
नाही की.
कलेक्टरला तरी कुठं सवड असेल.

शेजारच्या जोडीवर गंगव्वा, सवदत्तीकडची.
तिला मराठी ऐकायला येतं, वाचायला नाही.
मला कन्नड बसच्या पाटीपुरतं.
वडगावातल्या त्या खडखडाटात
आम्ही एकमेकींचे ओठ वाचतो.
तिनं एकदा हनुवटी उडवून विचारलं,
"येन ओदती?"
म्हटलं, एक बाई आहे,
नवऱ्याच्या दुकानाची किल्ली घेऊन पळालीय.
दुसऱ्या दिवशी चप्पल काढायच्या आधीच तिचं,
"मुंद येनात?"

पुढं काय झालं.
मी वाचलंच नव्हतं. पाहुणे होते.
गंगव्वाचं तोंड असं झालं,
जसं पगाराच्या शनिवारी
मालक गावाला गेलाय म्हटल्यावर होतं.

तेव्हापासून वेळ मिळतो.
मिळतो कसला, भरावा लागतो, भिशीसारखा.
भाताला उकळी येईपर्यंत चार ओळी.
रेशनच्या रांगेत अर्धं पान,
पुढची बाई सरकली तरी मी तिथंच.

खूण म्हणून पानात धागा ठेवते,
त्या दिवशी मागावर असेल त्या रंगाचा.
मोरपंखी, वांगी, आंबा,
लग्नसराईत नुसता लाल.
वाचनालयाचे हलगेकर काका धागे काढत नाहीत.
म्हणतात, असू दे,
कुणीतरी आत जाऊन आलंय एवढं तरी कळतंय.

मागच्या महिन्यात किल्लीवाल्या बाईचं पुस्तक
शेवटाला आलं, आणि शेवटची सहा पानं नव्हती.
शिवण उसवलेली. उंदीर की माणूस, देव जाणे.
नेमकी तेव्हाच करंट गेली.
सगळे माग थांबले,
आणि ती शांतता कानात कितीतरी वेळ खडखडत राहिली.
मी म्हटलं, संपलं गंगव्वा. पुढं नाही.

तिनं धोटा मांडीवर घेतला.
रिकामी कांडी काढली, भरलेली घातली.
मग तिच्या भाषेत, हळू,
कारण ओरडायची गरज नव्हती,
ती बाई कुठल्या स्टँडवर उतरली,
किल्ली विहिरीत टाकायला वाकली आणि टाकली का नाही,
कुणाच्या दारात उभी राहिली, सगळं सांगितलं.
निम्मं मला कळलं.
निम्मं त्या सहा पानांतही नसणार.

दुकानाचं कुलूप ती उघडतच होती
आणि करंट आली.
सगळ्या बोळात माग एकदम ओरडले.
मी ओठांनी विचारलं, "मुंद?"

गंगव्वानं हनुवटीनं माझ्या मागाकडं दाखवलं.
डावीकडं तार तुटली होती.