सातानंतर नऊ

निवांतचा पहिला टॉवेल माझ्या मागावर निघाला.
तेव्हा नाव एवढंच: निवांत लॉज,
पाच अक्षरं, निळ्या सुतात.
जॅकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं मीच पाडली,
साखर पेठेत, कंदिलाच्या उजेडात,
कारण लाइट नेहमीसारखी गेलेली.

पुढं नाव वाढत गेलं.
हॉटेल निवांत. निवांत रेसिडेन्सी.
मग इंग्रजीत, तिरक्या अक्षरांत, वर कमळ,
जे पुण्याच्या एका पोरानं काढून दिलं
माझ्या वर्षभराच्या मजुरीएवढे पैसे घेऊन.
मी म्हटलं, हे काय बे गुरुशांत, ही तर कोबी.
तो हसला. म्हणाला, विण.

लातूर, विजापूर, बिदर, गुलबर्गा,
पुण्यात दोन, हैदराबादेत एक.
गावं मला ऑर्डरीवरून ठाऊक:
विजापूरचे टॉवेल लवकर पिवळे पडतात, पाणी जड.
पुण्याचे चोरीला जातात.
जाऊ दे, म्हणायचा,
कुणाच्या तरी न्हाणीत माझं नाव लोंबतंय,
जाहिरातीला याहून स्वस्त भिंत दाखव.

पेपरवाले लिहितात, शून्यातून वर आला.
शून्यातून नाही, आठातून.
मिल बंद पडली, थकलेल्या पगाराच्या बदल्यात
गोदामातून माणशी आठ चादरी मिळाल्या.
सगळ्यांनी विकल्या. माझ्या तर आठवड्यात संपल्या.
यानं आठ बाजा उधार आणून
सिव्हिल हॉस्पिटलच्या भिंतीला लावल्या,
ज्यांचं माणूस आत आहे त्यांच्यासाठी.
रात्रीचे दोन रुपये, चादरीसकट.
पहाटे चादरी झटकायला मी जायचो,
चहावर.

गड्ड्याच्या दिवसांतली थंडी.
आठव्या बाजेवर वळसंगकडची एक बाई,
नवरा आत, आणि तिसऱ्या रात्रीचे पैसे नाहीत.
उद्या देते अण्णा, म्हणाली.
त्यानं वाद घातला नाही.
चादर ओढून घेतली फक्त,
घडी घातली, चारी कोपरे जुळवून.
त्याच्या हॉटेलांत नव्या पोरांना
अजून तीच घडी शिकवतात.

सकाळी बाई नव्हती.
वॉर्डातली खाटही रिकामी.
घेऊन गेली की नेलं, कुणी नीट सांगेना.
बाजेच्या सुंभावर एक रुपया होता,
उडू नये म्हणून वर खडा.
मी तो त्याच्या हातात दिला,
त्यानं गल्ल्यात टाकला.
काय करणार, रुपयाच तो.

अकरा हॉटेलं झाली,
एकाही दारावर आठ नाही.
सातानंतर नऊ.
मॅनेजर म्हणतात वास्तू, गिऱ्हाईक म्हणतं ज्योतिष.
एकदा नंबरांच्या टॉवेलांत
माझ्या पोराकडून आठ विणला गेला.
गुरुशांत स्वतः आला, गाडी गल्लीत शिरेना म्हणून चालत.
रागावला नाही.
टॉवेल हातात धरून मागापाशी उभा राहिला.
माग चालू होते.
तो काही बोलला असेल तर
मला ऐकू आलं नाही.

दिवाळीनंतर तो गेला.
अर्धं पान फोटो, खाली अकरा शहरांची नावं,
बाजांचा उल्लेख एका ओळीत, तोही चुकीचा: दहा.

परवा शिवलीलाचा फोन,
थोरली, हिशेबात बापाला विकून येईल अशी.
काका, कॉम्प्युटरला मधली फट चालत नाही,
लोक हसतात. आठ विणा.
मग जरा थांबून,
बाबांचं नेमकं काय होतं हो आठाशी?
इकडं माग बंदच होते, लाइट नव्हती,
गल्लीत कुणी खोकललं तरी ऐकू यावं इतकं शांत.
मी म्हटलं, पोरी, खडखडाट फार आहे,
काही ऐकू येत नाही.

पुठ्ठ्याला भोकं पाडून ठेवलीत.
खिळ्याला टांगलाय.
उजेडासमोर धरला तर आठ दिसतो, भोकाभोकांचा.
अजून मागावर चढवला नाही.
ऑर्डर मोठी आहे,
आणि सुताची उधारी चुकती व्हायचीय माझी.