वटाव

तीस वर्षं शिकवलं
की उद्याचा रुपया आजच्यापेक्षा हलका.
फळ्यावर त्याला वटाव म्हणायचं,
सहा टक्के धरायचे.
त्या हिशेबात शंभर वर्षांनंतरची सावली
जवळजवळ फुकट निघायची.
परिषदेत कुणी हसलं नाही.

आता सिंदेवाहीच्या पुढे, आश्रमशाळेत,
पत्र्याखाली खिळ्याला थर्मामीटर टांगून
तेच गणित सातवीला सांगते.
मुलं तासातासाला आकडा लिहितात,
जुन्या हजेरीपटाच्या पाठकोऱ्या बाजूला.

रोशनी गेडाम हात वर करते.
"मॅडम, मोह कोन लावते?"
कुणी नाही, मी म्हणते. पाखरं. वटवाघळं.
"मंग त्यायनं किती टक्के धरले?"

वर्ग खिदळतो.
मी खडू शोधते. तो हातातच असतो.

यावर माझा एक निबंध आहे, पुण्यात छापलेला,
तळटीपा एकेचाळीस.
त्यात वटवाघूळ नाही.

बोडीत म्हशी उतरतात.
शेवटचा आकडा त्रेचाळीस पूर्णांक दोन.
रोशनी तो लिहिते, पट्टी फिरवून धरते
आणि उद्याचा रकाना आखून ठेवते,
आजच्याएवढाच रुंद.