नंबर कुणाच्या नावावर

लाम्पांगच्या बँकेत टोकन एकशे सत्तेचाळीस.
एसी इतका गार की केमी आठवावं.
तिथल्या कागदगिरणीत एकतीस वर्षं लगदा ढवळला मी;
तोच कागद आता उट्टं काढतोय:
पासपोर्टची प्रत, प्रतीवर सही,
घराच्या निळ्या वहीची प्रत, तिच्यावरही सही,
आणि इमिग्रेशनचा रहिवासी दाखला,
तीस दिवसांचा,
जो काल शिळा झाला.

काउंटरवरची ओराथाई
प्रत्येक वाक्याआधी माफी मागते.
माझं जन्मसाल ती पाचशे त्रेचाळीसने वाढवून लिहिते.
इथे मी दोन हजार चारशे त्र्याण्णव साली जन्मलो;
तरीही म्हातारा.

"डोळे मिटा. उघडा. मान डावीकडे.
आता तोंड उघडा, मिस्टर वेइक्को."
उघडतो.
फोनमधलं हिरवं वर्तुळ जरा घुटमळतं, मग लाल.
चेहरा जुळत नाही.
पासपोर्टातल्या माणसाला वरचे चार दात आहेत
आणि त्याच्या कॉलरला इस्त्री आहे.
ती इस्त्री कुणी केली होती
हे त्या वर्तुळाने विचारलं नाही.
"परत एकदा. थोडं हसून?"
मी तोंडदेखलं हसतो.
या जागेला तेवढंच शोभतं.

शेजारच्या खुर्चीत चिनी मातीच्या कारखान्यातली बाई,
सीमेपलीकडची, गालांवर थनाखाचा पिवळा लेप,
मुठीत गुलाबी कार्ड.
खिन मार वाइ. तिन्ही शब्द मिळून एक नाव.
फॉर्मला आडनाव हवंय.
"वडिलांचं काय?"
"त्यांनाही नव्हतं."
"आजोबांचं?"
बाई हसते, नखाखालची पांढरी माती कोरत राहते.
शेवटी ओराथाई त्या चौकटीत एक आडवी रेघ ओढते.
मशीन ती रेघ मुकाट गिळतं.
बाई वाकून बघते:
आपल्या सात पिढ्या
एवढ्याशा जागेत कशा मावल्या.

तेवढ्यात माझा चेहरा जुळतो.
कसा, ते कुणालाच कळत नाही.
"एकच राहिलं,"
ओराथाई म्हणते, आणि या वेळी माफी मागायला विसरते.
"नवा नियम आहे. फोन नंबर खातेदाराच्याच नावावर लागतो.
हा तर कुणा बुआलाईंच्या नावावर दिसतोय."

कुणा.

"त्यांना घेऊन येता का? मूळ ओळखपत्रासह?"

ती आली असती, तर टोकन लागलंच नसतं.
पिशवीभर लिंबं काउंटरवर ठेवून
या पोरीच्या मावशीचं गाव काढलं असतं तिने,
आणि आठ मिनिटांत आम्ही बाहेर, नूडल्सच्या गाडीपाशी.
लग्नानंतर तिने माझं आडनाव लावलं नाही.
म्हणायची, लेह्टोला म्हणताना जीभ घसरते.
मीच तिच्या नावावर राहिलो:
घर, विजेचा मीटर, मोटरसायकल, हा नंबर.
घर आता भाचीचं झालं. मोटरसायकल विकली.
मृत्यूचा दाखला बिस्किटांच्या डब्यात आहे;
तो फोनच्या दुकानात दाखवला
की नंबर माझा होईल.
सोपं आहे, ओराथाई सांगते, दहा मिनिटांचं काम.

मी मान हलवतो.
दुकानात जातो. पुन्हा डोळे मिटा, पुन्हा उघडा.
नवं सिम घेतो,
शेवटी तीन चौके असलेलं, म्हणून पन्नास बाट जास्त.

संध्याकाळी नव्या फोनवर बँकेचा पहिला मेसेज:
आपली ओळख पटली आहे.
बरं झालं, कुणाला तरी पटली.

मग जुना फोन खिशात घालून
कोपऱ्यावरच्या दुकानात जातो, दर महिन्यासारखा.
नंबर सांगतो. तोंडपाठ आहे.
गल्ल्यावरचा पोरगा पासपोर्ट मागत नाही,
मान वळवायला सांगत नाही,
नंबर कुणाचा, तेही नाही.
"वीसच बाट?"
"वीसच."