खुणेचा पत्ता

साखर पेठेच्या वाचनालयात
यंत्रांच्या इतिहासाचं कपाट एकच,
तेही मोरीच्या दाराशी.
इथे कोण फिरकणार, असं मला वाटलेलं.

लक्ष्मय्या येमुल फिरकायचे.
पाळी सुटली की थेट,
भुवयांवर कापसाचा भुगा,
चष्म्याची एक काडी सुताने बांधलेली.
ओठ हलवत वाचायचे, बोट ओळीखाली,
मध्येच तेलुगूत काही पुटपुटायचे,
बहुधा शिवी.

"हा पूल बघा की ओ मॅडम.
नदीच्या तळाला हवा कोंडलेली पेटी,
आत माणसं खणत होती.
वर आली की सांधे धरायचे, वाकडी व्हायची.
हे पान न वाचता कुणी पुस्तक परत आणलं,
तर घेऊ नका."

मागावरची पोरं चिठ्ठ्या घेऊन यायची.
चिठ्ठीत पुस्तकाचं नाव नाही, नुसता दाखल क्रमांक:
"४१७. साठाव्या पानापासून.
आधी सगळं राजाचं कौतुक आहे."

मागाच्या आकृतीवर त्यांची पेन्सिल:
"हा दाता उलटा. असा चालवला
तर धोटा शेजारच्याच्या कपाळात."
पुस्तकात लिहिल्याचा दंड दोन रुपये.
त्यांनी दहाची नोट ठेवली,
म्हणाले, अजून चार चुका आहेत.

मग कारखान्यातले बारा माग
भंगारात किलोवर गेले.
४१७ आणून दिलं त्यांच्या सुनेने,
बोटांना तंबाखूचा वास,
उशीर झाला म्हणून माफी मागत.
"मामांना आता दिसत नाही," एवढंच बोलली.

साठाव्या पानावर जेकार्डचा एक पत्ता,
जाड पुठ्ठा, त्यात भोकं,
कुठे दाट, कुठे नुसतीच कोरी जागा.
ट्यूबलाइटसमोर धरला
तर छापील ओळींवर उजेडाचे थेंब सांडले,
एक "वाफ" वर, एक "मजूर" वर,
बाकीचे समासात.

घरी जाऊन चादर उलगडली.
मोराच्या पिसाऱ्यात शोधत बसले
ही ओळ कुठली असेल.
सापडली नाही. चादर दुसऱ्याच कुणाची विणलेली.

परवा एक मुलगी आली, पॉलिटेक्निकची,
काहीतरी चांगलं सुचवा म्हणाली.
मी ४१७ दिलं. साठपासून, सांगितलं.
आणि तो पत्ता आहे ना आत,
तो हरवू नकोस,
दंड किती ते अजून ठरवलेलं नाही.